घरी, की परत?

वॉशिंग मशीन ही ऐहिक वस्तू आहे, हे मला मान्य आहे. ऐहिक वस्तूंवर जीव जडवू नये, हेही मान्य. पण हे ज्याने कुणी पहिल्यांदा सांगितलं, त्याने पाच महिन्यांच्या बाळाची दिवसाला बावीस दुपटी हाताने धुतली नसणार, एवढं मी पैजेवर सांगते. बावीस हा आकडा फुगवलेला नाही. नवऱ्याला खोटं वाटलं म्हणून त्याने एकदा स्वतः दोरीवर मोजली, तर तेवीस भरली. तेविसावा त्याचाच हातरुमाल निघाला, पण पिल्लूने त्याचीही गत दुपट्यासारखीच केली होती.

तर दोन वर्षं इकडचं तिकडचं मागे टाकून आम्ही मशीनपुरते पैसे जमवले. दुकानात जाऊन मी ते मशीन चारदा बघून आले होते. एकदा तर सेल्समनचं लक्ष नाही असं बघून मशीनच्या झाकणावरून हातही फिरवला. आता राहिला प्रश्न जागेचा.

नवरा इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात आहे, त्यामुळे आमच्याकडे साधी खुंटी ठोकायची तरी ती आधी कागदावर ठोकली जाते. त्याने टेप घेऊन दोन दिवस घर मोजलं, नकाशा काढला आणि निकाल दिला: नळ, पाणी जायचं भोक आणि प्लग ही तिन्ही सोंगं एकत्र नांदतात अशी जागा साऱ्या घरात एकच, मागच्या गॅलरीचा डावा कोपरा. आणि त्या कोपऱ्यात खुर्ची होती.

ही खुर्ची झुलणारी. पिल्लू झालं त्या आठवड्यात सासूबाईंनी ती टेम्पोत घालून पाठवली, सोबत चिठ्ठी, "माझी तिन्ही मुलं हिच्यात झोपली. आता नातीची पाळी." चिठ्ठी वाचून मला भरून आलं होतं, हे नमूद करते. पण खुर्चीचा स्वभाव वेगळा निघाला. बसलं की ती अशी करकरायची, की झोपलेलं मूल उठावं आणि जागं असलेलं घाबरावं. मी पिल्लूला घेऊन तिच्यात चारदा बसले, चारही वेळा पिल्लूने सगळ्या बिल्डिंगला कळवलं. तेव्हापासून पिल्लू माझ्या खांद्यावर झोपते, मी चालत असते, आणि खुर्ची गॅलरीत बसून ओली दुपटी पाठीवर घेते.

नेमकं कोपरा ठरला त्याच रविवारी पाळकसाहेबांनी लिलाव जाहीर केला. संडे स्कूलच्या खोलीचं छप्पर गळतं, ते दुरुस्त करायचं. मंडळींनी आपापल्या घरातली एकेक वस्तू आणून द्यायची, महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर तिचा लिलाव.

आमचे पाळकसाहेब फार मऊ आवाजात बोलतात. मोठ्याने ओरडणारे उपदेशक परवडले, कारण त्यांच्या आवाजात डुलकी लागते. ह्यांचं ऐकायला माणूस पुढे वाकतं, आणि वाकलं की बरोब्बर डोक्यात बसतं.

"प्रभूवर तुमचा किती विश्वास आहे, ते मला सांगू नका," ते म्हणाले. "गेल्या महिन्याची बिलं आणून दाखवा. ती सांगतील." दोघा-तिघांचे हात आपोआप खिशाकडे गेले. "आणि लिलावाला अशी वस्तू आणा, की जी जाताना थोडं दुखेल. नको असलेलं काय, भंगारवालाही नेतो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे. दोघांच्याही डोळ्यांत गॅलरीचा डावा कोपरा होता.

"आईला विचारायला हवं," घरी आल्यावर तो म्हणाला.

"विचारलं तर त्या नाही म्हणतील."

"म्हणून तर विचारायला हवं."

हा माणूस असा अधूनमधून सरळ बोलतो आणि माझी पंचाईत करतो. तेवढ्यात समोरच्या नर्सबाई दुपट्याची घडी परत द्यायला आल्या (वाऱ्याने आमची दुपटी त्यांच्याकडेच उतरतात) आणि विषय कळल्यावर दारातच उभ्या राहून त्यांनी निदान केलं.

"अगं, देवाला दिली म्हणून सांगायचं. देवाला दिली म्हटल्यावर सासू काय बोलणार? सासू गप्प, देव खूश, कोपरा मोकळा. एका इंजेक्शनात तीन आजार."

मला ते इतकं पटलं, की त्यात देवाचं नाव आपण नुसतं पुढे करतोय हे माझ्या लक्षातच आलं नाही. म्हणजे आलं. पण मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

खुर्ची तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायची, ह्यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. नवऱ्याने जिन्याचा नकाशा काढला. त्याप्रमाणे खुर्ची आडवी, पाय वर, अशी निघणार होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती अडकली. वर नवरा, खाली मी, मधे खुर्ची, आणि माझ्या मागे भाजीच्या दोन पिशव्या घेतलेले सोसायटीचे सेक्रेटरी.

"सामान हलवायचा अर्ज दिलाय?" त्यांनी पिशव्या खाली न ठेवता विचारलं.

"एक खुर्ची आहे हो."

"एक असो की पन्नास. जिन्यातून लाकडी सामान म्हणजे अर्ज."

सोसायटीकडे दोनच छापील अर्ज निघाले. एक नवीन बिऱ्हाड येताना, एक बिऱ्हाड सोडून जाताना. आम्ही येत नव्हतो हे उघड होतं, म्हणून सेक्रेटरींनी "सोडून जाताना"चा अर्ज दिला. जिन्यात बसून, खुर्चीच्या पायावर कागद टेकवून मी सही केली. तेव्हा कुठे सेक्रेटरींनी हात लावला, आणि खुर्ची त्यांच्या एका धक्क्यात सुटली. नकाशाबद्दल आम्ही घरात पुन्हा बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी एक जोडपं फ्लॅट बघायला आलं. "तुम्ही सोडताय ना?" म्हणत दोघं आत शिरली आणि मी पिल्लूला खांद्यावर घेऊन बघत असताना त्यांनी माझं सगळं घर पाहिलं. त्या बाईने स्वयंपाकघर लहान आहे म्हटलं. माझं स्वयंपाकघर लहान आहेच, पण ते मी म्हणायचं. जाताना मात्र गॅलरीच्या रिकाम्या डाव्या कोपऱ्याशी थांबून ती आपल्या नवऱ्याला म्हणाली, "इथे मशीन छान बसेल हं." एवढ्या एका वाक्यासाठी मी तिला माफ केलं.

चर्चमध्ये खुर्ची जमा करून घ्यायला खजिनदार बसले होते. आठवडाभर ते औषधाचं दुकान चालवतात, त्यामुळे चिठ्ठीशिवाय ते कुणाकडून काही घेतही नाहीत आणि कुणाला काही देतही नाहीत. त्यांच्या फॉर्मवर शेवटचा रकाना होता: वस्तूचा थोडक्यात इतिहास.

"काही लिहिलं नाही तर?"

"रिकामा रकाना चालत नाही, वहिनी."

पिल्लू रडत होती, मागे रांग होती. मशीनसाठी जागा हवी म्हणून, असं तर लिहिता येईना. मी घाईघाईने लिहिलं, "ह्या खुर्चीत माझ्या सासूबाईंनी तीन मुलं वाढवली. माझे पती पहिली प्रार्थना हिच्यात बसून शिकले. आमच्या घरातली सर्वांत मोलाची वस्तू." पहिली दोन वाक्यं खरी होती. तिसरं लिहिताना पेन जरा अडखळलं, पण शाई संपत आली असेल असं मी धरून चालले.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी तो रकाना उपदेशात वाचला. नाव घेतलं नाही. "आपल्यातल्या एका तरुण आईने" एवढंच म्हणाले. पण पाच महिन्यांचं मूल असलेली आणि आठवडाभरात खुर्ची दिलेली तरुण आई मंडळीत एकच होती, आणि ती दाराशेजारच्या, रडक्या मुलांच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. लोकांना तो विनय वाटला. बाहेर पडताना तिघींनी माझा हात हातात घेतला. एकीने तर पिल्लूच्या कपाळावर ओठ टेकून "भाग्यवान गं बाई तू, असं घर मिळालं" म्हटलं.

स्तुती ऐकून घ्यायला मला एरवी काही अडचण नसते. पण त्या आठवड्यात ऑर्गन वाजवणाऱ्या मावशी आल्या आणि खजिनदारांकडे आपला रेडिओ ठेवून गेल्या. मावशी एकट्या राहतात. जेवताना रेडिओ समोर ठेवतात आणि बातम्या देणाऱ्याला उलट उत्तरंही देतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खजिनदारांनी इतिहासाचा रकाना दाखवला, तर त्यांनी लिहिलं, "तरुण आईने खुर्ची दिली, म्हणून."

हे खजिनदारांनीच मला कौतुकाने सांगितलं. मी हसले. घरी येऊन बावीस दुपटी धुतली आणि एकही नीट पिळली नाही.

शुक्रवारी सासूबाईंचा फोन.

"उद्या संध्याकाळच्या गाडीने येते. चार दिवस राहीन. पिल्लूला घेऊन खुर्चीत बसायचंय मला, बाकी काही नको."

आता इथे सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या वाईट नाहीत. त्या चांगल्या आहेत, हीच अडचण. कुणाच्या पाठीमागे बोलत नाहीत, अर्पणाच्या थैलीत मूठ उघडी न दाखवता घालतात, आणि रागावल्या तर रागावत नाहीत, नुसत्या शांत होतात. माझं बाळंतपण अवघड गेलं तेव्हा त्या आठ दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होत्या. मी त्यांची सून म्हणून नव्हे, मी मी आहे म्हणून. आणि त्यांनी मला दिलेली एकमेव वस्तू मी न विचारता, देवाच्या नावावर, बाहेर काढली होती. खुर्ची गेली तर गेली. पण ती का गेली हे कळल्यावर त्या माझ्याकडे पूर्वीसारखं बघतील का, ह्याची मला धास्ती बसली.

मी पिल्लूला कडेवर घेऊन तशीच औषधाच्या दुकानात गेले.

"खुर्ची परत हवी आहे."

खजिनदारांनी गोळ्यांची पट्टी कापता कापता वर पाहिलं. "वहिनी, खुर्ची आता तुमची नाही. प्रभूची आहे. रजिस्टरला चढलीय."

"उतरवता येत नाही?"

"त्याला पंचमंडळाचा ठराव लागतो. पंच पुढच्या महिन्यात बसतात." मग माझा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला, जशी ते काही खास दुखण्यांसाठी आणतात. "विकत घ्या ना लिलावात. कुणी अडवलंय?"

म्हणजे आम्ही दिलेली खुर्ची आम्हीच विकत घ्यायची. वर खजिनदारांनी मला खोकल्याच्या गोळ्याही विकल्या. कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

(थांबा हं. पिल्लू उठलं वाटतं. ... नाही, नुसती कूस बदलली.)

नवऱ्याने आणि मी बसून ठरवलं, की तो बोली लावेल, पण मशीनच्या निम्म्या किमतीपर्यंतच. निम्मं वाचेल, पुन्हा साठवू. शनिवारी सासूबाई आल्या, चपला काढल्या, पिल्लूला घेतलं आणि सरळ गॅलरीत गेल्या.

"खुर्ची कुठंय?"

"पॉलिशला दिलीय," नवरा म्हणाला. इतक्या झटक्यात, की मला त्याच्याबद्दल नवीनच काही कळल्यासारखं झालं.

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि शांत झाल्या.

आता आमच्या लिलावाची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वस्तू ज्याला मिळते त्याला पाळकसाहेब विचारतात, "घरी, की परत?" घरी म्हणजे घरी न्या. परत म्हणजे पैसे द्यायचे, पण वस्तू पुन्हा देवालाच अर्पण करायची, मग तिचा पुन्हा लिलाव. "घरी" म्हणायला कुणाची बंदी नाही. वस्तू शेवटी कुणाच्या तरी घरी जातेच, पण मंडळी पांगायच्या वेळी, गुपचूप. भर सभेत "घरी" म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. मागे एक भोपळा नऊ वेळा विकला गेला, आणि अखेरीस तो कुणी खाल्ला हे आजतागायत कुणी कबूल करत नाही.

रविवारी सभागृह भरलं होतं. नवरा आणि सासूबाई पहिल्या रांगेत. मी मागे, रडक्यांच्या बाकावर. व्यासपीठावर मधोमध खुर्ची. सासूबाईंनी ती पाहिली. मला मागून फक्त त्यांची पाठ दिसत होती, आणि ती पाठ एक क्षण ताठ झाली.

त्या नवऱ्याकडे वळून काही म्हणाल्या. काय ते त्याने नंतर सांगितलं. म्हणाल्या, "पॉलिश काही दिसत नाही."

आधी रेडिओ निघाला. तो ऑर्गनवाल्या मावशींचा, असं सांगून पाळकसाहेबांनी त्यांचा रकाना वाचला. बोली जेमतेम सुरू झाली आणि सासूबाईंनी हात वर केला, तो खाली घेतलाच नाही. रेडिओ त्यांना मिळाला. "घरी, की परत?" पाळकसाहेबांनी विचारायच्या आत त्या उठल्या, ऑर्गनपाशी गेल्या आणि रेडिओ मावशींच्या मांडीवर ठेवला. "मला ह्याची बटणं कळत नाहीत. तुम्ही सांभाळा." सासूबाईंनी त्या पैशांतून गुडघ्यांचे पट्टे घ्यायचे ठरवले होते, हे मला माहीत होतं. मी पिल्लूच्या टोपीची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधली.

मग खुर्ची. पाळकसाहेबांनी माझा इतिहासाचा रकाना पुन्हा वाचला, पूर्ण, त्याच मऊ आवाजात. "आमच्या घरातली सर्वांत मोलाची वस्तू" इथे ते थांबले. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. का पुसला ते मागून कळणार कसं?

नवऱ्याने पहिली बोली लावली. एवढ्यात संपेल असं वाटलं, तर डावीकडून टेलरकाकांनी गळ्यातला टेप वर केला. काका साठीचे, दिवसभर मशीनवर बसून कंबर गेलेली. त्यांना काजं-बटणं करायला मऊ बैठक हवी होती. त्यांची बोली आली आणि आमच्या वॉशिंग मशीनचा पाण्याचा पाईप गेला. नवऱ्याने वाढवली, बटणांची पट्टी गेली. पुन्हा टेप, झाकण गेलं. ज्याच्यावरून मी हात फिरवला होता ते झाकण. शेवटी बरोबर निम्म्यावर काकांनी टेप खाली घेतला.

"एक वार. दोन वार. तीन वार!"

मी इतका मोठा श्वास सोडला, की पिल्लू दचकली.

"घरी, की परत?" पाळकसाहेबांनी विचारलं.

सगळे टाळ्या वाजवायला लागले. आता माझ्या नवऱ्याचा एक दोष आहे. लग्नाआधी मला तो गुण वाटला होता. त्याच्याकडे दहा माणसं प्रेमाने बघायला लागली, की त्याचं पाणी पाणी होतं. इथे तर दीडशे बघत होती. तो उठला, चेहऱ्यावर भलतंच तेज, आणि म्हणाला,

"परत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशींनी ऑर्गनवर दोन सूर दिले. मी त्याला डोळ्यांनी जे म्हटलं, ते चर्चमध्ये म्हणण्यासारखं नव्हतं. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हा कुठे त्याला काय झालं ते कळलं, आणि तेज उतरून तो अर्ध्या मापाचा होऊन खाली बसला.

"पुन्हा बोली," खजिनदार आनंदाने म्हणाले. टेप पुन्हा वर.

निम्मं मशीन छपरावर जाऊन बसलं होतं. उरलेलं निम्मं माझ्यापाशी होतं. दुसऱ्या वेळी नवऱ्याला हात वर करायला तोंड राहिलं नव्हतं. मी पिल्लूला कडेवर घेऊन उभी राहिले. रडक्यांच्या बाकावरून बोली आलेली कुणाच्या आठवणीत नव्हती, सगळ्या माना वळल्या. मी आकडा म्हटला. टेप हलला. मोटर गेली. मी पुन्हा म्हटला. ड्रम गेला. तो स्टीलचा, गोल, स्वतःहून फिरणारा ड्रम. टेप पुन्हा वर. मी डोळे मिटून उरलं होतं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं. आता माझ्यापाशी मशीनचा रिकामा खोकाही शिल्लक नव्हता. काकांनी एक पैसा जरी वाढवला असता, तरी संपलं होतं.

टेलरकाकांनी माझ्याकडे पाहिलं. पिल्लूकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेतल्या सासूबाईंकडे. आणि टेपची गुंडाळी करून खिशात घातली.

"तीन वार! घरी, की परत?"

टाळ्या सुरूही झाल्या होत्या. नुकतंच नवऱ्याने परत दिलेलं, आणि मी तर साऱ्या मंडळीची दानशूर तरुण आई. मी काय म्हणणार, ह्याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. मावशींचे हात ऑर्गनवर तयार होते.

"घरी," मी म्हटलं.

"काय म्हणालात, भगिनी?"

"घरी. घरी नेणार आहे."

टाळ्या एकेक करून थांबल्या. शेवटी एक पोरगं वाजवत राहिलं होतं, त्याचा हात आईने धरला. मला वाटतं अशी शांतता त्या इमारतीत बांधली गेल्यापासून झाली नसेल. पाळकसाहेब नुसती मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिले. काय करावं हे न सुचून मावशींनी शेवटचं गीत सुरू केलं. अजून अकरा वस्तूंचा लिलाव बाकी होता, पण अर्धी मंडळी सवयीने उठून उभी राहिली.

खुर्ची वर नेताना सेक्रेटरींनी "नवीन बिऱ्हाड येताना"चा अर्ज भरून घेतला. वळणावर ती पुन्हा अडकली. ह्या खेपेला नकाशा कुणी काढलाच नाही.

दुपारी मी गॅलरीत दुपटी धुवत बसले. सासूबाई पिल्लूला घेऊन खुर्चीत बसल्या. खुर्ची करकरली. मी खांदे आवळून किंकाळीची वाट पाहिली, पण नाही. त्या करकरीच्या ठेक्यावर सासूबाई पाय हलवत होत्या, आणि पिल्लू डोळे मिटत होती. मी चारही वेळा ती करकर थांबवायला बघत होते. तिला थांबवायचं नसतं, तिच्याबरोबर जायचं असतं.

माझ्याच्याने राहवेना.

"आई, एक सांगायचंय. खुर्ची मी देवासाठी दिली नव्हती. इथे मशीन बसवायचं होतं. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असतात. आणि रकान्यात ते मोलाची-बिलाची लिहिलं, ते... ते घाईत लिहिलं."

शांत. करकर, करकर. मी फेसाकडे बघत राहिले.

"मी कोंबडी दिली होती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुझ्या नवऱ्याच्या जन्माच्या आधीची गोष्ट. आमच्याकडेही असाच लिलाव होता. मी कोंबडी दिली. लंगडी होती, वर्षभर अंडं नव्हतं दिलेलं. कापायला ह्याच्या बाबांना जीव होईना, दाणे तर रोज खायची. म्हटलं, चला, देवाला."

"तुम्ही?"

"मी नाही तर कोण? टाळ्या पण घेतल्या. आणि कोंबडी घेतली कुणी, तर आमच्या पाळकांनी. भर सभेत म्हणाले, माझ्या मुलांना रोज अंडं मिळेल." सासूबाईंनी पिल्लूचं डोकं जरा वर घेतलं. "त्यांच्या मुलांची तोंडं बघितली मी. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या दुसऱ्या कोंबडीचं एक अंडं पदराखाली घेतलं आणि त्यांच्या खुराड्यात त्या लंगडीच्या बुडाखाली ठेवून आले."

माझ्या हातातलं दुपटं बादलीत पडलं.

"एक दिवस ठेवलं की झालं, असं वाटलं होतं. पण पाळकीणबाई दारात येऊन सांगायला लागल्या, काय गुणाची कोंबडी दिलीत हो! आता थांबायचं कसं? रोज पहाटे एक. पावसात, तापात. ह्याच्या वेळी सातवा महिना लागला तरी. ह्याच्या बाबांना वाटायचं, बाई किती भाविक, उजाडायच्या आत प्रार्थनेला जाते."

"किती दिवस, आई?"

"त्यांची बदली होईस्तोवर. दोन वर्षं."

मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबला, पिल्लू उठू नये म्हणून. सासूबाईंचे खांदेही हलत होते, त्यामुळे खुर्ची भलत्याच तालात करकरायला लागली.

"आणि मग कोंबडीचं काय झालं?"

"नेली की सोबत! इतकी अंडी देणारी कोंबडी कोण मागे ठेवतं?" त्यांनी डोळे पुसले. "पुढच्या गावी तिने त्यांना काय तोंड दाखवलं असेल, ह्या विचाराने मला अजून कधीकधी घाम फुटतो."

पिल्लू झोपेत एकदा हुंकारली. आम्ही दोघीही गप्प झालो, मग पुन्हा फुटलो.

"माझ्याकडनं देवाने दोन वर्षं रोज एकेक करून वसूल केलं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तुझं एका दुपारीत भागलं. स्वस्तात सुटलीस." आणि पायाने दुपट्यांची बादली त्यांनी आपल्याकडे ओढली.